यंत्राच्या वाचनांतील अडथळे आणि बाहेरचे उल्लेख

चिंचवड म्हटलें म्हणजे आमच्या वाडवडिलांच्या डोळ्यांसमोर पवनेचा कांठ व मोरया गोसावींचें समाधिमंदिर उभें राहत असे. आतां तेंच नांव घेतलें म्हणजे प्रथम यंत्रांचा खडखडाट ऐकूं येतो. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्याची स्थापना झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि पुढें भोसरी, आकुर्डी, तळवडें व चाकण येथपर्यंत उद्योगांची एक अखंड माळ गुंफली गेली. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचे वडील, काका अगर वडील बंधु या माळेंतील कोणत्या ना कोणत्या मण्याशीं बांधलेले आहेत. आणि आज बाकांवर बसलेल्या मुलामुलींपैकीं बरींच उद्यां तेथेंच आपली भाकरी मिळविणार आहेत.

या कारखान्यांतून पूर्वीं कागदांचे गठ्ठे हिंडत. मागणीपत्र, बिल, सुट्या भागांची यादी, तपासणीचा दाखला, असें कांहीं ना कांहीं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाई, आणि कारकून तें वाचून समजून घेई. आतां हीं पत्रकें एका संगणकाकडून दुसऱ्या संगणकाकडे जातात व यंत्रच तीं वाचतें. हें वाचन बिनबोभाट चाललें असतां कोणास त्याची आठवणहि होत नाहीं. परंतु एखादे दिवशीं पडद्यावर लाल अक्षरांत भलेंमोठें इंग्रजी वाक्य उमटतें, काम थांबतें, आणि नवशिक्या मुलाच्या तोंडचें पाणी पळतें. अशा वेळीं घाबरून न जातां दोष कोठें आहे तें क्रमानें कसें शोधावें, आणि घाईनें केलेली दुरुस्ती ही मूळ दोषाहून घातक कशी ठरते, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पत्रकाचें स्वरूप पाहूं. यंत्रांनीं एकमेकांस माहिती कळवावी यासाठीं ज्या लेखनपद्धति निघाल्या, त्यांत एक्सएमएल ही एक प्रमुख पद्धति होय. तिची जननी एसजीएमएल ही १९८६ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली होती. परंतु ती फार अवजड, म्हणून तिचें सुटसुटीत रूप वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेनें १० फेब्रुवारी १९९८ रोजीं प्रसिद्ध केलें. तिचें तत्त्व अगदीं सोपें आहे. प्रत्येक माहितीच्या आधीं एक खूण व मागें तीच खूण तिरप्या रेघेसह लिहावयाची. जसें:

<विद्यार्थी>
<नांव>यशवंत</नांव>
<इयत्ता>आठवी</इयत्ता>
</विद्यार्थी>

हें उदाहरण केवळ समजुतीसाठीं देवनागरींत लिहिलें आहे असें कोणी समजूं नये. या पद्धतीच्या नियमांनुसार खुणांचीं नांवें देवनागरींतहि चालतात, आणि वरील चार ओळी कोणतेंहि शहाणें वाचनयंत्र बिनतक्रार वाचील.

ही पद्धति आपल्या पालकांच्या आयुष्यांत न कळत शिरलेली आहे. ठराविक वर्गांतील कंपन्यांनीं आपले वार्षिक हिशेब एक्सबीआरएल नांवाच्या रूपांत सादर करावे असा नियम केंद्र सरकारच्या कंपनी-व्यवहार मंत्रालयानें २०११ सालीं केला. तें रूप म्हणजे एक्सएमएलचेंच अपत्य. प्राप्तिकराचीं विवरणपत्रेंहि २०२१ पूर्वीं कित्येक वर्षें याच रूपांत चढवावीं लागत. त्या वर्षापासून तेथें जेसन नांवाची दुसरी पद्धति आली. मोटारींतील विद्युत्-नियंत्रकांचें वर्णन लिहिण्यासाठीं ऑटोसार या २००३ सालीं स्थापन झालेल्या जागतिक संघानें जें रूप ठरविलें, तेंहि एक्सएमएलच. आणि मोटारींचा धंदा हा तर चाकणचा प्राण. फार कशाला, कचेरींत रोज उघडल्या जाणाऱ्या वर्ड व एक्सेल यांच्या अलीकडील फायली म्हणजे एक्सएमएल पत्रकांचें बांधलेलें गाठोडेंच असतें.

आतां वाचणाऱ्याकडे वळूं. पत्रक वाचून त्याचे भाग वेगळे करणाऱ्या कार्यक्रमास पार्सर म्हणतात. आपण त्यास वाचनयंत्र म्हणूं. जावा ही संगणकाची भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९९५ सालीं जगापुढें ठेविली, आणि मोठमोठ्या पेढ्या, कारखाने व सरकारी कचेऱ्या यांच्या व्यवहारांत ती खोल रुजली. या भाषेबरोबर असें वाचनयंत्र तयारच मिळतें. त्याचा स्वभाव मात्र कडक मास्तरासारखा आहे. आपल्या हातचें एखादें पत्र कारकुनानें वाचलें आणि त्यांत वेलांटी चुकली असली, तर तो अंदाजानें अर्थ लावतो. एक्सएमएलच्या वाचनयंत्रास अंदाज करण्याची मुभा नाहीं. रचनेची एक चूक आढळली कीं त्यानें तेथेंच थांबून तक्रार केली पाहिजे, असा त्या पद्धतीचा नियमच आहे. हिशेबाच्या कामीं अंदाजानें लाविलेला अर्थ महागांत पडतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या कडकपणाचा राग येत नाहीं.

याच पद्धतींत 'एन्टिटी' नांवाची एक सोय आहे, आणि आमच्या विषयाचें मर्म तींतच आहे. एन्टिटी म्हणजे संक्षेप. आपण वहींत 'ता. मजकूर' असें लिहितों आणि वाचणारा त्याच्या जागीं पूर्ण अर्थ घेतो, तसेंच हें. & या चिन्हापुढें संक्षेपाचें नांव व शेवटीं अर्धविराम लिहिला, कीं वाचनयंत्र त्या ठिकाणीं पूर्ण मजकूर बसवितें. पांच संक्षेप यंत्रास उपजतच ठाऊक असतात: दोन टोकदार कंस, दोन प्रकारचीं अवतरणचिन्हें आणि खुद्द & हें चिन्ह. बाकीचे संक्षेप पत्रकाच्या आरंभीं 'डॉकटाइप' नांवाच्या घोषणेंत जाहीर करावे लागतात. ते दोन जातींचे असतात. एका जातींत पूर्ण मजकूर तेथल्या तेथें दिलेला असतो. दुसऱ्या जातींत मजकूर न देतां त्याचा पत्ता दिलेला असतो: 'अमुक फाइलींत पाहा' अगर 'अमुक संकेतस्थळावरून आणा'. ही बाहेरची एन्टिटी होय. पत्रकाच्या रचनेचे नियम सांगणारी डीटीडी नांवाची नियमावलीहि याच रीतीनें बाहेर ठेवून तिचा नुसता पत्ता देतां येतो. यंत्र मुकाट्यानें उठून त्या पत्त्यावर जातें व मजकूर घेऊन येतें. सोय मोठी, परंतु अर्धी दुखणीं येथूनच उद्भवतात.

दुखणें कोणतें तें ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे तक्रारीचें वाक्य शेवटपर्यंत वाचणें. हें सांगण्याचें कारण, लाल अक्षरें दिसतांच बहुतेक मुलें तीं झाकून टाकतात व पुनः तेंच बटण दाबतात. जावाचें वाचनयंत्र तक्रारींत ओळीचा व स्तंभाचा आंकडा देतें. दोष बहुधा त्या जागीं अगर तिच्या किंचित् अलीकडे असतो. एखादें पत्रक पन्नास हजार ओळींचें असलें तरी हा आंकडा हातीं असल्यावर शोध मिनिटाचा होतो.

दुसरी पायरी म्हणजे दोष आंतला कीं बाहेरचा, हें ठरविणें. आंतल्या दोषांचे चार नमुने वारंवार आढळतात.

पहिला नमुना & या चिन्हाचा. समजा, भोसरीच्या एका छोट्या कारखान्यानें बोल्टांचें बिल पाठविलें आणि गिऱ्हाइकाच्या नांवांत 'आणि' या अर्थीं नुसतें & लिहिलें. यंत्रास वाटतें, येथें संक्षेप सुरू झाला. पण पुढें तर मोकळी जागा! तेव्हां तें म्हणतें, 'द एन्टिटी नेम मस्ट इमीजिएटली फॉलो द &', म्हणजे या चिन्हामागोमाग संक्षेपाचें नांव आलेंच पाहिजे. उपाय असा कीं, पत्रक हातानें अक्षरें जोडून न बनवितां, तें लिहिणाऱ्या जावाच्या साधनाकडूनच बनवून घ्यावें. म्हणजे तें साधन अशा चिन्हांचा बंदोबस्त आपोआप करतें.

दुसरा नमुना 'कन्टेन्ट इज नॉट अलाउड इन प्रोलॉग' या प्रसिद्ध तक्रारीचा. पहिल्या खुणेच्या आधीं कांहीं तरी परकें आलें आहे, असा तिचा अर्थ. कधीं तें डोळ्यांस न दिसणारें आरंभचिन्ह असतें. कांहीं लेखन-साधनें फाइलीच्या अग्रभागीं तें चिकटवितात. कधीं तर फाइलीच्या जागीं दुसऱ्याच संगणकानें पाठविलेला 'सेवा बंद आहे' असा निरोप यंत्राच्या हातीं पडलेला असतो. म्हणून अशा वेळीं यंत्रास काय मिळावयास हवें होतें तें न पाहतां, खरोखर काय मिळालें तें उघडून पाहावें.

तिसरा नमुना मराठी मजकुराचा आहे, व तो आपणांस विशेष जवळचा. संगणकास अक्षर ठाऊक नसतें, आंकडे ठाऊक असतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रीतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांनीं लिहिलें जातें. भारतीय लिप्यांसाठीं १९९१ सालीं इस्की नांवाचें जें भारतीय प्रमाण ठरलें, त्यांत तेंच चिन्ह एका बाइटाचें होतें. आणि जुन्या छपाईच्या फॉन्टांची तर तऱ्हाच निराळी. पत्रकाच्या कपाळीं यूटीएफ-८ असें लिहावें आणि पोटांत जुना मजकूर भरावा, म्हणजे यंत्र 'इनव्हॅलिड बाइट' म्हणून ओरडणारच. बाटलीवर गुलाबपाणी लिहून आंत रॉकेल भरण्यासारखें हें आहे. कपाळींची चिठ्ठी बदलून मजकूर बदलत नाहीं; मजकूर खरोखर युनिकोडमध्यें रूपांतरित करावा लागतो.

चौथा नमुना अज्ञात संक्षेपाचा. संकेतस्थळांच्या पानांत मोकळ्या जागेसाठीं 'एनबीएसपी' हा संक्षेप सर्रास वापरतात. तोच एक्सएमएल पत्रकांत आला तर यंत्र म्हणतें, हा उल्लेख आहे पण घोषणा नाहीं; कारण उपजत पांचांत तो नाहीं. त्याऐवजीं त्या चिन्हाचा क्रमांक, म्हणजे &#१६०; हा आपले आंकडे न घालतां इंग्रजी आंकड्यांत लिहावा, कीं काम भागतें.

आतां बाहेरच्या दोषांकडे येऊं. त्यांची ओळख अशी कीं, पत्रक काल वाचलें गेलें होतें व आज वाचलें जात नाहीं. अथवा एका संगणकावर चालतें व दुसऱ्यावर अडतें. आणि पत्रकांत तर एका अक्षराचाहि बदल नाहीं. असें झालें म्हणजे समजावें कीं यंत्र आणावयास गेलें आहे, आणि वाटेंत कांहीं बिघडलें आहे.

कारखान्यांतील कित्येक संगणक सुरक्षिततेसाठीं बाहेरच्या जगापासून तोडलेले असतात. अशा ठिकाणीं बाहेरच्या नियमावलीचा पत्ता असलेलें पत्रक आलें, तर यंत्र 'अननोन होस्ट', म्हणजे हें घर मला ठाऊक नाहीं, अशी तक्रार करतें. किंवा तक्रारहि न करतां दाराशीं वाट पाहत बसून राहतें, आणि पाहणारास वाटतें संगणक मंदावला. कधीं पत्ता 'याच खणांतील नियमावली' असा सापेक्ष असतो. यंत्रास पत्रकाचा नुसता प्रवाह हातांत दिला आणि तें कोणत्या खणांतून काढलें हें सांगितलें नाहीं, तर तें स्वतः जेथें उभें असेल तेथील खण धुंडाळतें व 'फाइल नॉट फाउंड' म्हणतें. म्हणूनच टेबलावर चालणारा कार्यक्रम पार्श्वभूमींत सेवा म्हणून लाविला कीं मोडतो. त्याची उभें राहण्याची जागाच बदललेली असते. उपाय सोपा: पत्रकाबरोबर त्याचा मूळ पत्ता, ज्यास जावांत 'सिस्टिम-आयडी' म्हणतात, तोहि यंत्रास द्यावा. तिसरा एक प्रकार फसवा आहे. पूर्वींचा साधा पत्ता मालकानें नव्या, सुरक्षित 'एचटीटीपीएस' पत्त्याकडे वळविला असेल, तर जावाची नेहमींची जोडणी या प्रकारचें वळण आपण होऊन घेत नाहीं. नियमावलीच्या जागीं 'आम्ही घर बदललें' अशी पाटी तिच्या हातीं येते, आणि यंत्र त्या पाटीसच नियमावली समजून तिच्या रचनेस दोष देत बसतें.

परक्याच्या दारावर रोज विसंबणें किती धोक्याचें, हें दोन सत्य गोष्टींवरून दिसेल. बातम्यांचा मजकूर वाटण्याच्या आरएसएस या रूपाची नियमावली नेटस्केप कंपनीच्या संकेतस्थळावर होती. २००७ च्या आरंभीं ती तेथून नाहींशी झाली, आणि जगांत ठिकठिकाणीं तिच्यावर विसंबून असलेलीं वाचनयंत्रें एकदम अडलीं. दुसरी गोष्ट याच्या उलट बाजूची. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमनें २००८ च्या फेब्रुवारींत असें जाहीर केलें कीं, वर्षानुवर्षें न बदललेल्या आपल्या नियमावल्यांसाठीं दिवसास तेरा कोटीपर्यंत मागण्या येतात. जगभरचीं वाचनयंत्रें प्रत्येक पत्रकागणिक तीच नियमावली पुनः पुनः मागत होतीं. एकाच पाठासाठीं सारा वर्ग प्रत्येक मिनिटास मास्तरांच्या घरीं धांवूं लागला तर मास्तरांनीं काय करावें? त्या संस्थेनें अशा मागण्यांस उशिरां उत्तर देण्याचा व अति झाल्यास नकार देण्याचा मार्ग धरला. ज्यांचे कार्यक्रम त्यामुळें मंदावले, त्यांपैकीं कित्येकांस आपलें यंत्र इतक्या दूर जातें हेंच ठाऊक नव्हतें.

यावर एक चुकीचा उपाय प्रचारांत आहे. कित्येकजण यंत्रास 'नियमांची तपासणी करूं नको' असें सांगतात व निश्चिंत होतात. परंतु तपासणी बंद केली तरी जावाचें नेहमींचें यंत्र नियमावली आणावयास जातेंच. कारण संक्षेपांचे अर्थ व गाळलेल्या जागीं घ्यावयाचीं मूल्यें तिच्यांत असूं शकतात. खरा उपाय म्हणजे नियमावलीची एक प्रत आपल्याच घरीं ठेवणें. यासाठीं जावांत 'एन्टिटी-रिझॉल्व्हर' नांवाचा द्वारपाल नेमतां येतो. यंत्र बाहेर निघण्यापूर्वीं त्यास विचारतें, आणि तो म्हणतो, 'लांब जाऊं नको, ही घे घरचीच प्रत.' मात्र या द्वारपालानें कांहींच उत्तर न देतां नुसतें 'नल' परत केलें, तर यंत्र त्याचा अर्थ 'जा, तुझें तूं आण' असाच घेतें. हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. दुसरा मार्ग कोरा कागद देण्याचा. त्यानें अडथळा टळतो खरा, परंतु पत्रकांत त्या नियमावलींतील एखादा संक्षेप वापरलेला असल्यास तो अज्ञात ठरतो. पत्ते पुष्कळ असल्यास 'कॅटलॉग' ठेवावा. कोणत्या बाहेरच्या पत्त्यासाठीं कोणती घरची प्रत, याची ती यादी असते. तिचें प्रमाण २००५ सालीं ठरलें, आणि जावाच्या २०१७ मधील नवव्या आवृत्तीपासून ती सोय भाषेबरोबरच मिळूं लागली.

येथपर्यंत आम्हीं केवळ गैरसोयीची गोष्ट सांगितली. याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. पत्रक आपल्याच माणसानें लिहिलें असेल तर बाहेरचा उल्लेख ही सोय आहे. परंतु परक्यानें पाठविलेल्या पत्रकांत तोच उल्लेख म्हणजे परक्यानें आपल्या नोकरास दिलेला हुकूम होय. कल्पना करा: दारीं आलेल्या अनोळखी गृहस्थानें एक अर्ज दिला, आणि त्यांत लिहिलें आहे कीं, 'येथें तुमच्या कपाटांतील अमुक कागदाची नक्कल उतरावी.' आमचा भोळा कारकून उठतो, कपाट उघडतो, नक्कल उतरतो, आणि पोंच म्हणून तो भरलेला अर्ज त्या गृहस्थाच्याच हातीं देतो! संक्षेपाच्या पत्त्यांत संकेतस्थळाऐवजीं संगणकावरील एखाद्या खासगी फाइलीचा पत्ता घातला, कीं भोळें वाचनयंत्र नेमकें हेंच करतें. यास एक्सएक्सई, म्हणजे बाहेरच्या एन्टिटीचा हल्ला, असें म्हणतात. ग्रेगरी स्टॉइक यांनीं २००२ सालीं हा धोका जाहीरपणें मांडला. तरीहि २०१४ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, रेजिनाल्डो सिल्व्हा या ब्राझीलच्या संशोधकास फेसबुकच्या व्यवस्थेंत याच जातीचें भगदाड सांपडलें. त्यानें तें प्रामाणिकपणें कळविलें, म्हणून कंपनीनें त्यास ३३,५०० डॉलर बक्षीस दिलें. तेथील भाषा जावा नव्हती, पण भोळेपणा तोच होता. ओवास्प या संस्थेच्या २०१७ च्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादींत यास चवथें स्थान मिळालें; २०२१ च्या यादींत तो 'चुकीची सुरक्षा-मांडणी' या व्यापक सदरांत घातला गेला.

याचाच एक विचित्र भाऊ आहे. तो बाहेर न जातां घरांतच गोंधळ घालतो. गणिताची आवड असणाऱ्या मुलांनीं हा हिशेब करून पाहावा. पहिला संक्षेप तीन अक्षरांचा एक शब्द. दुसरा संक्षेप म्हणजे पहिला दहा वेळां. तिसरा म्हणजे दुसरा दहा वेळां. असें नऊ वेळां दहापट करीत गेल्यास तो शब्द शंभर कोटी वेळां येतो, म्हणजे तीनशें कोटी अक्षरें होतात. आणि हें सर्व घडविणारें पत्रक एका छापील पानाहून लहान! बुद्धिबळाच्या पटावरील तांदुळाच्या दाण्यांची गोष्ट ज्यांनीं ऐकली आहे, त्यांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं. वाचनयंत्र तो मजकूर उलगडतां उलगडतां संगणकाची सारी स्मृति खाऊन टाकतें व कोलमडतें. म्हणून जावानें अशा उलगडण्यांस मर्यादा घातली. ती कित्येक वर्षें ६४,००० होती, आणि अलीकडील आवृत्तींत आणखी खालीं आणली आहे. ही मर्यादा ओलांडल्याची तक्रार आली, तर मर्यादा वाढविण्यापूर्वीं पत्रक कोणाकडून आलें तें आधीं पाहावें.

चाकणच्या संग्रामदुर्गाचा इतिहास आमच्या मुलांस ठाऊक आहे. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें मूठभर लोकांनिशीं शाइस्तेखानाच्या प्रचंड सैन्यास तो किल्ला सुमारें दोन महिने घेऊं दिला नाहीं. शत्रूनें शेवटीं दरवाजा फोडला नाहीं. त्यानें जमिनीखालून भुयार खणून सुरुंगानें बुरूज उडविला. बाहेरच्या उल्लेखाचा हल्लाहि याच जातीचा आहे. दारावर परवलीचा शब्द आहे, पहारा आहे; परंतु ज्या कागदास आपण निरुपद्रवी समजून आंत घेतलें, त्याच्याच पोटांत भुयार असतें.

मग बंदोबस्त कसा करावा? परक्याकडून येणाऱ्या पत्रकांस डॉकटाइप घोषणेची गरज बहुधा नसतेच. म्हणून सर्वांत खंबीर उपाय म्हणजे ती घोषणा दिसतांच पत्रक नाकारावें, असें यंत्रास बजावणें. या गुणाचें नांव 'डिसअलाउ-डॉकटाइप-डेकल'. त्यानें बाहेरचा हल्ला व संक्षेपांचा डोंगर हे दोन्ही एकदम टळतात. जेथें घोषणा चालवून घेणें भागच आहे, तेथें बाहेरील संक्षेप व बाहेरील नियमावली आणण्याची परवानगी काढून घ्यावी. २०१३ पासून जावांत 'ॲक्सेस-एक्स्टर्नल-डीटीडी' नांवाचा गुण यासाठींच आहे. तो कोरा ठेवला म्हणजे कोणत्याहि मार्गानें बाहेर जाण्यास मनाई होते. लक्षांत ठेवावें कीं जावांत वाचनाचीं दारें अनेक आहेत: सॅक्स, डॉम, स्टॅक्स, शिवाय रूपांतर करणारें व नियम तपासणारें साधन. एका दारास कुलूप लावून दुसरें उघडें ठेवल्यास पहिल्याचा उपयोग काय? आणि कुलूप लावतांना 'हा गुण मला ओळखीचा नाहीं' अशी तक्रार आली, तर बहुधा एखादें जुनें वाचनयंत्र दुसऱ्या सामानाबरोबर आंत येऊन नव्याच्या जागीं बसलेलें असतें. त्यास शोधून काढावें. तक्रार गिळून टाकणें हा उपाय नव्हे.

कुलूप लाविल्यावर दुसऱ्या दिवशीं काय होतें, तेंहि सांगितलें पाहिजे. एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचें पत्रक डॉकटाइप घेऊन येतें, यंत्र तें नाकारतें, माल अडतो, आणि वरिष्ठ विचारतात, 'हें केव्हां सुरू होणार?' खरी कसोटी या घटकेस आहे. कुलूप काढून टाकणें एका ओळीचें काम असतें, आणि तें काढतांच लाल अक्षरें नाहींशीं होतात. पाहणारे शाबासकीहि देतात. परंतु ज्यानें तें काढलें त्यानें एका गिऱ्हाइकासाठीं साऱ्या जगास दार उघडें केलें. योग्य मार्ग किंचित् लांबचा आहे: त्या गिऱ्हाइकास घोषणा गाळण्यास विनवावें, तें शक्य नसल्यास केवळ त्याच्या पत्रकांसाठीं वेगळें वाचनयंत्र ठेवून, त्यास घरच्या नियमावलीचा द्वारपाल द्यावा, आणि त्या द्वारपालाच्या यादींत नसलेली प्रत्येक मागणी स्पष्टपणें नाकारावी. अर्ध्या दिवसाचा उशीर होईल. पण पगारपत्रकें, आराखडे व ग्राहकांचीं नांवें घरांतच राहतील.

सारांश, क्रम असा धरावा. तक्रार पुरी वाचावी. ओळ व स्तंभ पाहावा. यंत्रास खरोखर काय मिळालें तें उघडून पाहावें. दोष आंतला असल्यास चिन्हें, लिपि व संक्षेप तपासावे. आंतला नसल्यास यंत्र कोठें जाऊं पाहत होतें तें शोधावें. जावयाचें असल्यास घरची प्रत द्यावी. जावयाचें नसल्यास वाट बंद करावी. आणि वाट उघडण्यापूर्वीं, पत्रक कोणाचें व त्यांतील हुकूम कोणाचा, हा प्रश्न दर वेळीं विचारावा.

पालकांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, मुलगा अगर मुलगी घरीं येऊन 'आज दिवसभर एकच दोष शोधीत होतों' असें म्हणाली, तर तो दिवस वायां गेला असें मानूं नये. आणि विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, यंत्र आज्ञाधारक असतें, विवेकी नसतें. कोणाची आज्ञा मानावी हें त्यास शिकविणारा मनुष्यच असतो. या पट्ट्यांतील कारखान्यांत तुम्ही पाऊल टाकाल तेव्हां हें शिकविण्याचें काम तुमच्यापैकीं कोणाच्या ना कोणाच्या हातीं येईल, आणि त्या वेळीं लाल अक्षरें लवकर घालविणारापेक्षां तीं कां उमटलीं हें समजून घेणारा माणूस आपल्या कारखान्यास अधिक मोलाचा वाटेल.